देव भेटला म्हणजे देव आहे? स्वतःचा अनुभव आणि देवाचा पुरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तत्त्वज्ञान शिकवतो हे कळल्यावर लोक एकतर विषय बदलतात, नाहीतर जरा बाजूला घेऊन आवाज खाली आणतात. ‘सर, एक विचारायचं होतं. मला एकदा एक अनुभव आला होता...’ लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, एकदा तर बँकेच्या रांगेत हे झालंय. अशा वेळी जमत गेलेले प्रश्न खाली दिले आहेत. उत्तरं माझी आहेत, आणि ती सगळ्यांना पटत नाहीत हे मला ठाऊक आहे.

आधी सरळ सांगा. स्वतःला आलेला अनुभव हा देव असल्याचा पुरावा होतो की नाही?

ज्याला आला त्याच्यापुरता होऊ शकतो. बाकीच्यांसाठी ती एका माणसाची साक्ष असते. साक्षीला वजन असतं, पण एका साक्षीवर खटला शाबीत होतोच असं नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एडिंबरोला दिलेली व्याख्यानं १९०२ साली पुस्तकरूपाने आली. शेकडो माणसांचे धार्मिक अनुभव वाचून, ताडून ते ज्या निष्कर्षाला आले, त्याच्या पलीकडे गेल्या सव्वाशे वर्षांत फार कोणी गेलेलं नाही असं माझं मत आहे. ते म्हणतात, अशा अनुभवाचा अधिकार अनुभवणाऱ्यावर चालतो आणि चालायलाही हरकत नाही. बाहेरच्या माणसावर मात्र तो डोळे मिटून स्वीकारण्याची सक्ती नाही. त्याच दमात ते असंही म्हणतात, की इंद्रियं आणि तर्क यांच्यापलीकडे काही नाहीच, असं छातीठोक सांगणाऱ्यालाही हे अनुभव थोडं अडवतात. हे तिसरं वाक्य नास्तिक मित्र उद्धृत करत नाहीत आणि दुसरं वाक्य भाविक मित्र गाळतात.

‘अनुभव’ म्हणजे नेमकं काय धरायचं?

इथेच निम्मा घोळ असतो. मराठीत आपण एका टोपलीत बरंच काही भरतो. कुलदेवी स्वप्नात आली तर ‘दृष्टांत झाला’. नवस बोललो आणि काम झालं तर ‘प्रचीती आली’. नवरात्रात काकूंच्या ‘अंगात आलं’. ध्यानात बसल्यावर ‘मी’पणा विरघळला, तो ‘साक्षात्कार’. आणि काही न दिसता, न ऐकू येता ‘कोणीतरी आहे’ असं नुसतं जाणवणं, त्याला तर नावच नाही. मला भेटलेल्या लोकांचा अनुभव बहुतेक वेळा या शेवटच्या जातीचा असतो.

प्रत्येकाची तपासणी वेगळी. प्रचीतीत बाहेर काहीतरी घडलेलं असतं, ते मोजता येतं. साक्षात्कारात बाहेर काहीच घडलेलं नसतं.

‘दृष्टांत’ या शब्दाची एक गंमत सांगतो. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, दृष्टांत म्हणजे दोन्ही पक्षांना मान्य असलेलं उदाहरण. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, कशासारखं? तर स्वयंपाकघरासारखं. हे स्वयंपाकघर म्हणजे दृष्टांत, कारण ते वादी आणि प्रतिवादी दोघांनीही पाहिलेलं असतं. आणि आपल्या घरातला दृष्टांत? तो अगदी एकट्यानेच पाहिलेला असतो. एकाच शब्दात सगळ्यांनी पाहिलेलं आणि फक्त एकाने पाहिलेलं, दोन्ही राहतात. आपला सगळा प्रश्न त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे.

डोळ्यांनी पाहिलेलं आपण खरं धरतो. मग आतून जाणवलेलं का धरू नये?

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ साली नेमका हाच मुद्दा नीट बांधून मांडला. त्यांचं म्हणणं असं, की एखादी गोष्ट आहे असं आपल्याला जाणवत असेल, तर ती असावी हे धरून चालणंच शहाणपणाचं. नाही म्हणायला खास कारण पाहिजे. उलट नियम लावला, म्हणजे ‘आधी सिद्ध कर मग मानतो’ म्हटलं, तर समोरचा चहाचा कपही हातून जाईल. डोळे खरं दाखवतात हे डोळे न वापरता कसं सिद्ध करणार?

मुद्दा बिनतोड वाटतो. पण चहाच्या कपाबाबतीत आपल्याकडे आणखी काहीतरी असतं. मला कप दिसला, तुम्हालाही दिसला, हात लावला तर चटका बसला, मांजराने तोंड घातलं. चूक झाली असती तर ती उघडकीला यायचे दहा रस्ते होते. न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ असलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची, म्हणजे थेट जाणवण्याची, व्याख्या करताना ‘अव्यभिचारि’ हा शब्द मुद्दाम घातला आहे: फसवणूक न करणारं. उन्हात रस्त्यावर पाणी दिसतं तेव्हा दिसणं खरंच घडलेलं असतं, पण पुढे गेलं की पाणी नसतं. मृगजळ ओळखता येतं कारण पुढे चालत जाता येतं. देवाच्या अनुभवात पुढे चालत जायचं म्हणजे कुठे जायचं, हा माझा स्विनबर्नना प्रश्न आहे.

यावर अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम अल्स्टन यांचं एक उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, प्रत्येक क्षेत्राच्या कसोट्या वेगळ्या. धर्मपरंपरांकडेही स्वतःच्या आहेत. हे खरं आहे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसा यांना ख्रिस्ताचं दर्शन व्हायचं, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंना ते सैतानाचं काम वाटलं आणि त्यांनी दर्शन झालं की त्याला वाकुल्या दाखवल्यासारखी अपमानाची खूण करायला सांगितलं. बिचाऱ्या तेरेसा रडत रडत तसं करायच्या. आपल्याकडे समर्थांनी दासबोधात तीन प्रतीती सांगितल्या: शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती. तिन्हींचा मेळ बसावा ही अपेक्षा. म्हणजे नुसतं ‘मला वाटलं’ एवढ्यावर समर्थांचंही समाधान नव्हतं. अडचण एवढीच, की या कसोट्या परंपरेच्या आतल्या आहेत. शास्त्र आधीच मानलेलं असलं तरच शास्त्रप्रतीतीला अर्थ येतो.

पण आपल्या शास्त्रांनी अनुभवाला प्रमाण मानलंय ना?

काहींनी मानलंय, काहींनी चक्क नाकारलंय, आणि ज्यांनी मानलं त्यांनी त्याचा उपयोग कसा केला ते बघण्यासारखं आहे.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, ‘योगज प्रत्यक्ष’ मान्य केलं, म्हणजे योग्याला साध्या माणसापेक्षा जास्त दिसू शकतं. पण त्यांच्यातलेच उदयनाचार्य न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला बसतात तेव्हा ‘अमक्या योग्याने पाहिला’ असं म्हणून मोकळे होत नाहीत. ते अनुमानांची रांग लावतात: जग हे कार्य आहे म्हणून कर्ता हवा, वगैरे. ती अनुमानं पटोत न पटोत, पण समोर बौद्ध बसला असताना आपल्या योग्याची साक्ष चालणार नाही, हे उदयनांना पक्कं ठाऊक होतं.

कारण बौद्धांकडेही योगी होतेच. सातव्या शतकाच्या सुमाराचे धर्मकीर्ती योगिप्रत्यक्ष मानतात आणि ईश्वर मानत नाहीत! ध्यानात खोल गेलेला एक माणूस ईश्वराला भेटून येतो, तेवढाच खोल गेलेला दुसरा म्हणतो की तिथे भेटण्याजोगं कोणी नव्हतं.

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे, त्याहून कडक. वेदावर त्यांची श्रद्धा अपार, पण योग्याच्या दृष्टीचं त्यांना कौतुक नाही. इंद्रियाचं काम समोर असलेल्या वस्तूपुरतं. योग्याचा डोळा झाला तरी डोळाच. सांख्यसूत्रांत तर प्रत्यक्षाच्या चर्चेतच ‘ईश्वरासिद्धेः’ येतं, ईश्वर सिद्धच झालेला नाही म्हणून. हे सगळे ‘आपलेच’ लोक. तेव्हा अनुभवावर शंका घेणं ही पाश्चात्त्यांची लागण आहे, असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

ज्ञानेश्वरांची तऱ्हा आणखी वेगळी. अमृतानुभवात ते शिवसूत्राचा आणि गीतेचा आधार देतात आणि लगेच सांगतात, की शिवाने किंवा कृष्णाने म्हटलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी म्हटलं नसतं तरी हे असंच असतं. अनुभवाच्या बाजूने याहून ताठ मानेचं वाक्य मला माहीत नाही. पण लक्षात घ्या, ते इथे देव आहे की नाही याचा पुरावा सादर करत नाहीत. पाहणारा आणि दिसणारा असा भेदच जिथे उरत नाही त्या जागेबद्दल ते बोलताहेत. तिथे साक्षीदार कोण आणि कोणासमोर?

अनुभव येतो तेव्हा शंकेला जागाच उरत नाही. एवढी खात्री पुरेशी नाही का?

नाही. खात्री ही अनुभवाची एक चव आहे. ती खरेपणाची पावती होत नाही.

वर सांगितलेल्या धर्मकीर्तींनीच याची फार सुंदर यादी दिली आहे. कामाने, शोकाने, भयाने वेडावलेला, चोराचं स्वप्न पडलेला माणूस नसलेल्या गोष्टीही समोर उभ्या असल्यासारख्या पाहतो. चोराचं स्वप्न पडून रात्री अडीचला दाराची कडी पुन्हा तपासलेल्या कोणालाही हे समजेल. त्या क्षणी चोराबद्दल तीळमात्र शंका नसते.

तरी खात्रीला हसण्याआधी पास्कलचा कागद आठवावा. ब्लेझ पास्कल, सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. संभाव्यतेच्या गणिताचा एक जनक. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साधारण साडेदहापासून साडेबारापर्यंत त्याला काहीतरी झालं. त्याने ते लिहून ठेवलं: वर तारीख, खाली वेळ आणि मग एका ओळीत एकच शब्द, ‘अग्नी’. त्याखाली: अब्राहमचा, इसहाकचा, याकोबचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. मग तुटक शब्द, खात्री, आनंद, शांती, अश्रू. १६६२ साली तो वारला, तेव्हा नोकराला त्याच्या कोटाच्या अस्तरात काहीतरी टोचलं. तो हा कागद होता, शिवून ठेवलेला.

आठ वर्षं त्याने तो अंगावर वागवला आणि जिवंतपणी कोणाला दाखवला नाही. धर्माच्या बाजूने तो पुष्कळ लिहीत होता, त्याची ती प्रसिद्ध पैजही त्याच काळातली: देव आहे की नाही हे ठरवता येत नाही, तर मग कोणत्या बाजूने पैज लावणं फायद्याचं? या सगळ्यात ‘मला अमक्या रात्री प्रत्यक्ष भेटला’ हे एकदाही येत नाही. पुरावा कशाला म्हणतात हे ज्याला युरोपात सगळ्यांहून जास्त कळत होतं, त्याने स्वतःची सगळ्यात मोठी खात्री अस्तरात शिवली. त्याला ती खोटी वाटत होती म्हणून नक्कीच नाही.

रामकृष्णांनी तर नरेंद्राला सांगितलं होतं, ‘हो, मी देव पाहतो’. मग?

हा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो, पण अर्धाच. १८८१ च्या सुमारास तरुण नरेंद्रनाथ दत्त एकच प्रश्न घेऊन फिरत होते: आपण देव पाहिलाय का? देवेंद्रनाथ ठाकूरांनी सरळ उत्तर न देता ‘तुझे डोळे योग्याचे आहेत’ असं म्हटलं. दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंस म्हणाले, हो, तुला पाहतोय तसाच पाहतो, किंबहुना त्याहून स्पष्ट.

पुढचा अर्धा भाग असा: नरेंद्राने ते मानलं नाही. हा माणूस वेडसर असावा असं त्यांना वाटलं. पुढच्या एका भेटीत रामकृष्णांच्या स्पर्शाने खोली गरगर फिरल्यासारखी झाली, तेव्हा ही संमोहनाची करामत तर नसेल, हा विचार त्यांच्या मनात आला. रामकृष्णांना पैशाचा स्पर्श सहन होत नाही म्हणतात, तर गुपचूप गादीखाली रुपया ठेवून पाहिल्याची गोष्टही चरित्रांत येते. वर्षानुवर्षं हे चाललं.

नरेंद्राने केलं काय? देवाची परीक्षा त्यांना घेता येत नव्हती. त्यांनी साक्षीदाराची घेतली. हा माणूस खोटं बोलतो का, लोभी आहे का, याच्या बोलण्यात आणि वागण्यात फट आहे का. साक्षीचं वजन असंच ठरतं. पण प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो, आणि शेवटी विवेकानंदांचा विश्वास बसला तो ऐकलेल्या उत्तरावर नाही.

ख्रिश्चनाला येशू दिसतो, वारकऱ्याला विठ्ठल. दोघंही खरे कसे?

मला हा आक्षेप सर्वांत जड वाटतो. कर कटेवर ठेवून विटेवर उभी असलेली सावळी मूर्ती फ्रान्सच्या खेड्यातल्या मुलीच्या स्वप्नात येत नाही. माणसाला दिसतं ते बहुधा त्याच्या घरच्या देव्हाऱ्यातलंच.

यातून सुटायचा नेहमीचा मार्ग म्हणजे ‘सगळे एकाच सत्याची वेगवेगळी रूपं पाहतात’. ऐकायला गोड, पण हे अनुभवातून निघत नाही; ते अनुभवावर वरून बसवलेलं मत आहे. ज्याला येशू दिसला तो सहसा म्हणत नाही की मला निराकार तत्त्वाचं एक रूप दिसलं.

मात्र एक बारकावा आहे. ११ फेब्रुवारी १८५८ ला फ्रान्समधल्या लूर्द गावात बर्नादेत नावाची चौदा वर्षांची गरीब मुलगी लाकडं गोळा करायला गेली आणि गुहेत तिला कोणीतरी दिसलं. पुढे ते मेरीचं दर्शन म्हणून जगप्रसिद्ध झालं. पण सुरुवातीला ती मुलगी मेरी म्हणत नव्हती. आपल्या बोलीत ती ‘अकेरो’ म्हणायची. अकेरो म्हणजे ‘ते’. नुसतं ‘ते’. नाव नंतर आलं.

मला वाटतं, प्रामाणिक अनुभवात असं एक ‘ते’ असतं आणि मग आपण त्याला आपल्याकडचं नाव घालतो. वाद नावांत आहेत. पण नावं काढून टाकली की जे उरतं त्याला ‘देव’ म्हणायला तरी काय आधार? ‘काहीतरी होतं’ एवढंच उरतं. त्यातून जग निर्माण करणारा, न्याय करणारा, एकादशीचा हिशेब ठेवणारा देव काढायचा तर बरंच अंतर आहे.

हे सगळं मेंदूत घडतं असं विज्ञानाने दाखवलंय ना? मग विषय संपला?

संपला नाही. मेंदूत तर सगळंच घडतं. मी आत्ता भिंतीवरचं घड्याळ पाहतोय, तेही मेंदूत घडतंय. म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही.

आणि विज्ञानाने काय दाखवलं हेही नीट सांगायला हवं. कॅनडातले मायकल पर्सिंगर यांचं ‘गॉड हेल्मेट’ खूप गाजलं: डोक्याला क्षीण चुंबकीय क्षेत्र लावलं की खोलीत कोणीतरी असल्याचा भास होतो. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या गटाने तोच प्रयोग असा केला, की चुंबक चालू आहे की बंद हे ना बसणाऱ्याला माहीत, ना प्रयोग घेणाऱ्याला. २००५ साली निष्कर्ष छापून आला: चुंबकाचा काही संबंध दिसला नाही, ज्यांचं मन सूचनेला पटकन वश होतं त्यांना भास झाले. टोपी विज्ञानाची होती म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं विश्वास टाकणारे, अंगाऱ्यावर विश्वास टाकणाऱ्यांपेक्षा फार वेगळे नव्हते. हे मी माझ्या विवेकवादी मित्रांना मुद्दाम ऐकवतो.

दुसरा प्रयोग भक्कम आहे. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे, बॉस्टनमधलं चॅपल. धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी. दहांना सायलोसायबिन, म्हणजे भूछत्रातलं मनाची अवस्था बदलणारं द्रव्य, दहांना साधं जीवनसत्त्व. सायलोसायबिन मिळालेल्या बहुतेकांना, जुन्या संतांनी वर्णन केलेत तसे गाढ अनुभव आले.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांची यावर एक चपराक आहे: थोडं खाऊन स्वर्ग दिसणारा माणूस आणि जास्त पिऊन साप दिसणारा माणूस, यांत विज्ञानाच्या दृष्टीने फरक काय? आषाढीचा निर्जळी उपवास करणाऱ्यांना हे झोंबेल. त्याला दुसरे ब्रिटिश तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांचं उत्तर तितकंच मिश्कील: पलीकडलं जग असलंच, तर ते दिसायला माणसाला थोडी चीर पडलेली असावी लागत असेल. मला दोघंही आवडतात, त्यामुळे मी यात पडत नाही. कारण कळल्याने अनुभव खोटा ठरत नाही. पण ‘देवाशिवाय हे होऊच शकत नाही’ हे वाक्य मात्र त्या वीस विद्यार्थ्यांनंतर म्हणता येत नाही.

नवस बोललो आणि मुलगी झाली. हा पुरावा नाही?

नवस फेडायला आलेल्यांची रांग देवळात दिसते. ज्यांचा फळला नाही त्यांची रांग कुठे लागते? जहाज फुटूनही वाचलेल्यांनी देवळात लावलेली चित्रं दाखवून ‘बघ देवाची कृपा’ म्हणणाऱ्याला ग्रीक नास्तिक डायागोरस याने विचारलं होतं, बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? रोमन लेखक सिसेरोने ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. मुलीला आशीर्वाद.

नवरात्रात आमच्या काकूंच्या अंगात येतं. ते तर डोळ्यांदेखत असतं.

अष्टमीची रात्र. तांदळाच्या उकडीचा महालक्ष्मीचा मुखवटा, काजळाने काढलेले डोळे, समोर नऊवारीतल्या बायका घागरी फुंकताहेत. खोलीत धूप, ऊद आणि घामाचा वास. घागरीचा तो घुमणारा हुंकार लहानपणी ऐकलेला माणूस विसरत नाही. फुंकता फुंकता एखादीचा श्वास लागतो, ताल बदलतो, केस सुटतात, आणि मग ती ‘ती’ राहत नाही. लोक पाया पडतात, प्रश्न विचारतात.

दुसऱ्या दिवशी काकू मटार सोलत बसलेल्या असतात. ‘काकू, काल काय वाटत होतं?’ त्या म्हणतात, ‘मला बाई काही आठवत नाही.’

इथे गंमत होते. हा काकूंचा अनुभव आहे, असं आपण म्हणतो, पण काकूंकडे सांगण्यासारखा अनुभव नाहीच. देवी आली हे पाहणाऱ्यांनी ठरवलं. म्हणजे ही वैयक्तिक अनुभवाची साक्ष होत नाही, समोर बसलेल्यांची समजूत होते. काकू ढोंग करतात असं मी म्हणत नाही. वर्षभर घरात ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्या पायाशी एक रात्र अख्खं घर बसतं, हे मात्र मी पाहिलंय.

या प्रकाराला एक कायद्याची बाजूही आहे. अंगात दैवी शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, सल्ला ऐकला नाही तर वाईट होईल म्हणून धमकावणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अंगात येणं हा गुन्हा नाही. त्याचा धाक घालणं हा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अनेक वर्षं घालवली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो आधी वटहुकूम म्हणून आला.

आणि गणपती दूध प्यायला ते?

२१ सप्टेंबर १९९५. तो पृष्ठताणाचा आणि केशाकर्षणाचा विषय. रंगीत दूध घेतलं की मूर्तीवरून ओघळताना दिसतं. मुद्दा एवढाच, की तो उघड्यावरचा दावा होता म्हणून दिवसभरात तपासता आला. ‘मला आतून जाणवलं’ याला रंगीत दूध नसतं.

मृत्यूच्या दारातून परत आलेल्यांना प्रकाश दिसतो, वरून स्वतःचं शरीर दिसतं, त्याचं काय?

हृदय बंद पडून परत आलेले काही लोक असं सांगतात, आणि मनापासून सांगतात. हे तपासायला डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने रुग्णालयांत छताजवळ फळ्या लावून त्यांवर वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. खरंच कोणी वर तरंगत असेल तर चित्र सांगेल. २०१४ साली अहवाल आला: हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, त्यातून मुलाखत देता आली अशी १४० माणसं. चित्र कोणीही सांगितलं नाही. पण बहुतेक घटना फळ्या नसलेल्या खोल्यांतच घडल्या होत्या, त्यामुळे हा निकाल कोणाच्याच बाजूचा धरता येत नाही. प्रश्न विचारायची पद्धत मात्र मला फार आवडली.

एकाला भ्रम होईल. लाखो वारकऱ्यांना एकदम कसा होईल?

लाख लोकांनी एकमेकांशी न बोलता, एकमेकांचं न ऐकता तेच सांगितलं तर संख्येला मोठं वजन येतं. वारीत मात्र पायाला पाय लावून, एका टाळाच्या ठेक्यात, एकच नाम घेत अठरा-वीस दिवस चाललेलं असतं. त्या अनुभवाचं मोल कमी होत नाही, पण त्या लाख स्वतंत्र साक्षी नाहीत. आणि ज्यांच्या पालखीमागे हे लोक चालतात त्यांनीच म्हणून ठेवलंय: ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ ग्वाही म्हणजे साक्षच.

मी इतकी वर्षं मनापासून पूजा करते. मला कधीच काही जाणवलं नाही. माझ्यात काही कमी आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा आवाज अजून लक्षात आहे. नाही, कमी काही नाही.

तुकोबांच्या गाथेत देव भेटत नाही म्हणून केलेलं भांडण, रडणं, टोमणे यांचे अभंग मोजायला बसलात तर दिवस जाईल. ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल’ इथपर्यंत ते जातात. ज्याला असेल त्याला असो, माझ्यापुरता मेला! हेच तुकोबांचा छळ करणाऱ्या मंबाजीने म्हटलं असतं तर नास्तिक ठरला असता. मदर तेरेसा यांची पत्रं २००७ साली छापून आली, तेव्हा जगाला कळलं, की आतून देवाचा काहीही स्पर्श जाणवत नसताना त्या कित्येक दशकं तेच काम करत राहिल्या.

अनुभव येणं हा भक्तीचा रिझल्ट असेल, तर ही दोघंही नापास धरावी लागतील. आणि याची दुसरी बाजूही आहे. अनुभव हा देव असल्याचा पुरावा मानायचा, तर इतक्या मनापासून बोलावूनही न आलेला अनुभव हा कशाचा पुरावा? भाविकांनी हा प्रश्न टाळू नये.

तुम्हाला स्वतःला कधी आलाय का?

एकदा. वडिलांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी. पहाटेचे तीन वाजले असतील. नळाची टिपटिप, डास, कोणाच्या तरी डब्यातली शिळी बटाट्याची भाजी. डॉक्टर रात्री जे बोलले होते ते मी मनात उलटसुलट करत होतो. आणि एकदम बुक्क्याचा वास आला. आजीच्या कपाळाचा असायचा तसा. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून घेतल्यासारखं उतरलं. कोणीतरी होतं. मला दुसरा शब्द नाही. पाच मिनिटं असेल, दहा असेल.

उजाडल्यावर पाहिलं तर पलीकडच्या बाकड्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारबाबा झोपले होते. कपाळाला बुक्का, उशाला पताकेची काठी. वासाचा उलगडा झाला. बाकीच्याचा मी केला नाही आणि अजून केलेला नाही.

वडील त्यानंतर सात वर्षं जगले. त्याच पहाटे त्यांच्या शेजारच्या पलंगावरचा तरुण गेला. त्याची बायको माझ्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. वास तिलाही आला असणार.

मी ही गोष्ट वर्गात पुराव्याच्या प्रकरणात सांगतो. मुलं विचारतात, ‘मग सर, तुम्ही देव मानता की नाही?’ मी फळा पुसायला घेतो.

सासूबाईंना दृष्टांत झालाय. ‘देवी म्हणाली, मला घरात बसव.’ मी काय करू?

आधी त्यांना काय दिसलं ते पूर्ण ऐकून घ्या. त्याचा अर्थ काय ते नंतर. देवी कुठे उभी होती, कोणता रंग होता, बोलली ते कोणाच्या आवाजात. पुष्कळदा गावाकडच्या बंद घरातला टाक, मोडलेली वाटणी, गेलेली बहीण अशी एखादी गोष्ट त्यातून बाहेर येते आणि मूळ विषय तो असतो. ‘असं काही नसतं’ म्हणून त्यांना खोटं पाडू नका. त्यांनी स्वप्न पाहिलंय हे खरंच आहे. मात्र दृष्टांतात औषध बंद करायला, कोणाशी संबंध तोडायला, कोणाला पैसे द्यायला सांगितलं असेल तर तिथे ठाम नाही म्हणा, देवी कोणतीही असो.

आणि बसवायचं ठरलंच, तर रोजचा नैवेद्य कोण करणार आणि गावाला गेलात तर दिवा कोण लावणार, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. दृष्टांतात ते सहसा सांगितलेलं नसतं.